दाहक संधिवात असताना खोकला आणि शिंक यांचा त्रास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा दुखतो हे चारचौघांत सहज सांगता येते. शिंकेची भीती वाटते हे सांगताना मात्र जीभ अडखळते. ज्यांच्या बरगड्यांच्या आणि कण्याच्या सांध्यांना सूज आहे, त्यांना ही भीती नीट ठाऊक असते. माझा स्वतःचा आजार कण्याचा आहे, आणि सर्दीचा एक साधा आठवडाही किती लांब वाटू शकतो हे मी अनुभवले आहे. खोकला अडवून धरू नये, त्याच्या धक्क्यासाठी शरीराला आधार द्यावा, आणि खोकला कशाने येतो आहे याचा शोध लांबणीवर टाकू नये, एवढेच येथे सविस्तर मांडले आहे. हे वाचून कोणतेही औषध आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नये. तो निर्णय आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा आहे.

आजार सांध्यांचा आहे, मग खोकताना छाती आणि पाठ का दुखतात?

छातीचा पिंजराही सांध्यांनीच बनलेला आहे, ही गोष्ट आपण विसरतो. बरगड्यांच्या 12 जोड्या असतात. पाठीमागे प्रत्येक बरगडी मणक्याला सांध्याने जोडलेली असते, आणि वरच्या 10 जोड्यांना मणक्याच्या बाजूच्या फाट्याशी आणखी एक सांधा असतो. पुढच्या बाजूला वरच्या 7 जोड्या कूर्चेच्या साहाय्याने छातीच्या मधल्या हाडाला मिळतात, आणि त्या हाडाच्या वरच्या दोन भागांमध्येही एक सांधा असतो. संथ श्वास घेताना हे सगळे सांधे थोडेसेच हलतात, त्यामुळे त्यांची सूज फारशी जाणवत नाही.

खोकताना प्रथम खोल श्वास आत जातो, मग कंठ क्षणभर बंद होतो, पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू जोराने आवळले जातात, छातीतला दाब वाढतो आणि कंठ उघडताच हवा वेगाने बाहेर फेकली जाते. शिंकेत याच्या जोडीला मान आणि धड झटक्याने पुढे वाकते. हा दाब आणि हिसका सुजलेल्या सांध्यांवर, तसेच स्नायू व अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात त्या जागांवर एकदम येतो, म्हणून सुरी खुपसल्यासारखी कळ उठते. कळ ओसरल्यावर भोवतीचे स्नायू आखडून बसतात, आणि पुढची उबळ येते तेव्हा शरीर आधीच ताठरलेले असते.

हा त्रास कोणत्या प्रकारच्या संधिवातात अधिक होतो?

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (कण्याचा दाहक संधिवात) आणि कण्याला होणाऱ्या त्याच गटातल्या इतर आजारांत तो सर्वाधिक आढळतो. या आजारात छातीचे प्रसरण, म्हणजे खोल श्वास घेताना छातीचा घेर जितका वाढतो ते माप, कमी होणे हे इतके ओळखीचे लक्षण आहे की निदानासाठीच्या 1966 च्या न्यूयॉर्क निकषांत 2.5 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी प्रसरणाचा स्वतंत्र उल्लेख होता, आणि 1984 मध्ये सुधारलेल्या निकषांतही वय व लिंग यांच्या मानाने प्रसरण कमी आहे का हे पाहिले जाते. सोरायसिस या त्वचारोगाशी निगडित असलेल्या सोरायटिक आर्थ्रायटिसमध्येही कणा आणि छातीचे पुढचे सांधे सुजू शकतात. मुख्यतः हातापायांच्या लहान सांध्यांना होणाऱ्या रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये छातीच्या सांध्यांपेक्षा मानेची आणि फुप्फुसांची काळजी अधिक घ्यावी लागते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

हे दुखणे दाहाचे आहे की नुसती उसण भरली आहे, हे कसे ओळखावे?

पूर्ण खात्रीने घरी ओळखता येत नाही, पण काही खुणा उपयोगी पडतात. दाहाचे दुखणे बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात आणि पहाटे वाढते, सकाळी अंग आखडलेले असते आणि हालचाल सुरू झाल्यावर मोकळे होते. उसण एखाद्या विशिष्ट हालचालीनंतर भरते, एका जागी धरते आणि काही दिवसांत उतरते. खोकताना किंवा शिंकताना कंबरेतून निघालेली कळ विजेसारखी पायात उतरत असेल, तर मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली जात असण्याची शक्यता तपासावी लागते. संधिवात असलेल्या माणसाला चकतीचाही आजार होऊ शकतो. प्रत्येक दुखणे जुन्या आजाराच्या खात्यावर टाकण्याची सवय आपल्याला लागते, आणि मला ती धोक्याची वाटते.

शिंक येणार असे जाणवताच शरीर कसे धरावे?

शिंक येण्यापूर्वी दोन-तीन क्षण मिळतात, आणि त्या क्षणांत करायची हालचाल अंगवळणी पडलेली असेल तर पुष्कळ फरक पडतो. शिंक नसताना ती दिवसातून काही वेळा करून पाहावी, कारण ऐन वेळी विचार करायला सवड नसते.

उभे असाल तर पाय थोडे अंतरावर ठेवा, गुडघे किंचित सैल सोडा आणि एक हात समोरच्या टेबलावर किंवा भिंतीवर टेका, म्हणजे धडाचा हिसका काही प्रमाणात हातातून आणि पायांतून उतरतो. पाठ सरळ ठेवा, हनुवटी छातीकडे जाऊ देऊ नका, आणि पोटाचे स्नायू शिंकेच्या आधी हलकेच आत ओढून धरा. बसलेले असाल तर दोन्ही पावले जमिनीवर टेकवून पाठ खुर्चीला चिकटवा. वाहन चालवताना शिंक येईल असे वाटले, तर आसनाला पाठ आणि मागच्या आधाराला डोके टेकवावे. सलग शिंका येत असतील तर वाहन बाजूला घेऊन थांबावे.

खोकल्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे साधी उशी किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल. छाती किंवा पोट यांच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला उशी कवटाळून खोकायला शिकवतात, तीच रीत येथेही चालते. उशी दुखऱ्या भागावर धरावी, खोकताना ती अंगाशी दाबावी आणि उबळ संपताच सैल सोडावी. ज्यांची बोटे आणि मनगटे सुजलेली असतात त्यांना तळव्यांनी दाबणे जमत नाही. त्यांनी दोन्ही हात उशीभोवती गुंफून कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाने ती आवळावी. भिंतीवर टेकतानाही तळव्याऐवजी हाताचा हाच भाग टेकवावा.

कोपरात शिंकावे असे सांगितले जाते, आणि संसर्ग टाळण्यासाठी ते योग्यच आहे. पण कोपराकडे वळताना मान आणि धड पिळले जाते. कोपर तोंडापाशी आणावे, तोंड कोपराकडे वळवू नये. खांदा वर उचलत नसेल तर खिशात टिश्यू पेपर किंवा रुमाल ठेवावा आणि नंतर हात धुवावेत.

मानेत आजार असेल तर वेगळे काही करावे लागते का?

होय. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस दीर्घकाळ असलेल्या काही रुग्णांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल होतो. अशा वेळी एक तळहात मानेमागे ठेवून डोके सरळ रेषेत धरावे आणि झटका पुढे जाऊ देऊ नये. शिंकताना हातापायांत मुंग्या येणे, वीज चमकल्यासारखे वाटणे किंवा हातातली पकड कमी होणे ही लक्षणे दिसली, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावे.

शिंक दाबून टाकली तर चालेल का?

नाक चिमटीत धरून आणि तोंड मिटून शिंक कोंडू नये. बाहेर न पडलेला दाब कानाकडे, घशाकडे आणि छातीकडे वळतो. 2018 मध्ये ब्रिटनमधील लेस्टर येथील डॉक्टरांनी 34 वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. अशी शिंक दाबल्याने त्याच्या घशाच्या भिंतीला छिद्र पडले होते. असे क्वचितच घडते. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की दाबलेल्या शिंकेत स्नायू तेवढेच आवळले जातात आणि वेदना टळेलच याची शाश्वती नसते. शिंक येण्याच्या अगदी सुरुवातीला वरच्या ओठाच्या खळग्यावर बोटाने दाब दिल्यास काहींची शिंक परतते. तसे करून पाहण्यास हरकत नाही. शिंक सुरू झाल्यावर मात्र तोंड उघडे ठेवून ती बाहेर जाऊ द्यावी.

खोकताना इतके दुखते की मी कफ गिळून टाकतो किंवा खोकणेच टाळतो. यात काही धोका आहे का?

धोका आहे, आणि या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे मी मानतो. वेदनेच्या भीतीने माणूस उथळ श्वास घेऊ लागतो. फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ तिथेच साचतो, आणि साचलेल्या कफात संसर्ग वाढायला वाव मिळतो. दुसरीकडे, न हललेले बरगड्यांचे सांधे आणखी आखडतात आणि पुढचा खोकला अधिकच दुखतो. कफ गिळला गेला तर पोटाला सहसा काही होत नाही. तो छातीत अडकून राहणे वाईट.

जोरदार खोकल्याऐवजी वाफ सोडल्यासारखा उच्छ्वास हा चांगला मार्ग आहे. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी तिच्यावर तोंडाने वाफ सोडतो, तसे तोंड आणि घसा उघडा ठेवून ‘हाऽ’ असा जोरकस, लांब श्वास सोडावा. आधी तीन-चार संथ श्वास घ्यावेत, मग एक-दोन वेळा अशी वाफ सोडावी, पुन्हा संथ श्वास घ्यावेत. कंठ बंद होत नसल्याने छातीतला दाब खोकल्याइतका वाढत नाही, आणि कफ हळूहळू वर सरकतो. तो घशापर्यंत आला की उशी धरून एकच लहानसा खोकला पुरतो. फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा समोरासमोर शिकून घेणे उत्तम.

रात्री ढास लागली तर काय करावे?

उताणे झोपलेले असताना एकदम उठून बसण्याचा प्रयत्न करू नये. गुडघे दुमडून कुशीवर वळावे, हाताने रेटा देऊन उठावे आणि पाय पलंगाखाली सोडून खोकावे. उशाशी कोमट पाणी आणि कवटाळायची उशी ठेवलेली असावी. पलंगाचा डोक्याकडचा भाग थोडा उंच केल्यास नाकातून घशात उतरणाऱ्या स्रावाचा आणि आम्लपित्ताचा त्रास कमी होतो.

माझ्या खोकल्याचा संधिवाताशी संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि म्हणूनच केवळ खोकल्याचे औषध पिऊन थांबणे पुरेसे नसते. बहुतेक वेळा कारण साधी सर्दी, ॲलर्जी, दमा किंवा आम्लपित्त हेच निघते, परंतु दाहक संधिवात असलेल्यांसाठी आणखी काही शक्यता ध्यानात ठेवाव्या लागतात.

रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये फुप्फुसांच्या ऊतींना दाह होऊन त्या घट्ट होऊ शकतात. त्यात कोरडा खोकला येतो आणि जिना चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागते. फुप्फुसांभोवतीच्या आवरणाला सूज आल्यास श्वास आत घेताना टोचते. स्वरयंत्राजवळचे छोटे सांधे सुजले तर आवाज बसतो आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस फार जुना असेल तर क्वचित फुप्फुसांच्या वरच्या भागातल्या ऊती तंतुमय होऊन घट्ट होतात.

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचा दाह आटोक्यात ठेवणारे औषध घेणाऱ्यांत क्वचित, बहुधा उपचाराच्या पहिल्या वर्षात, फुप्फुसांची तीव्र प्रतिक्रिया होते. नवा कोरडा खोकला, ताप आणि वाढती धाप असे एकत्र दिसले, तर पुढचा डोस घेण्यापूर्वी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. ॲडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब किंवा इटानरसेप्ट यांसारखी टीएनएफ (दाह वाढवणारे एक प्रथिन) रोखणारी जैविक औषधे सुप्त क्षयरोग जागा करू शकतात. ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करतात ती याचसाठी. तपासणी निर्दोष आली होती म्हणून नंतरचा रेंगाळणारा खोकला, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन यांकडे दुर्लक्ष करू नये. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर त्यानेही कोरडा खोकला येतो, आणि औषध बदलल्यावर तो काही आठवड्यांत थांबतो. काही दमेकरी रुग्णांना ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन गटातल्या वेदनाशामकांनी दमा उसळतो. गोळी घेतल्यानंतर नाक वाहणे किंवा छातीत घरघर सुरू होत असेल तर ते लिहून ठेवावे.

सर्दी-खोकल्याची दुकानात मिळणारी औषधे घ्यावीत का?

पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नयेत. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉल आणि कधी आयबुप्रोफेन असते, आणि संधिवातासाठी आपण तीच किंवा त्याच गटातली औषधे आधीच घेत असतो. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा 24 तासांत 4 ग्रॅम आहे; यकृताचा आजार असेल, वजन कमी असेल किंवा यकृतावर ताण आणणारी औषधे चालू असतील तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. दोन दाहशामक गोळ्या एकत्र घेतल्याने पोटातल्या व्रणाचा आणि मूत्रपिंडाचा धोका वाढतो. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तदाब चढतो. कोडीनयुक्त औषधांनी बद्धकोष्ठता होते, आणि कुंथताना पुन्हा तोच दाब पाठीवर येतो.

संसर्गासाठी प्रतिजैविक लिहून दिले जात असेल तर आपण मेथोट्रेक्सेट घेतो हे आवर्जून सांगावे. ट्रायमेथोप्रिम आणि को-ट्रायमॉक्साझोल ही औषधे त्याच्याबरोबर घेतल्यास रक्तपेशी तयार होण्याची प्रक्रिया गंभीरपणे मंदावू शकते.

ताप आणि खोकला असताना संधिवाताची औषधे थांबवावीत का?

साध्या सर्दीत बहुधा काही थांबवावे लागत नाही. ताप, पिवळा-हिरवा कफ किंवा धाप असेल तर मेथोट्रेक्सेट, जैविक औषधे आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या काही काळ थांबवण्याचा सल्ला डॉक्टर देतात; म्हणून पुढचे इंजेक्शन घेण्यापूर्वी विचारावे. स्टेरॉइड मात्र एकदम कधीही बंद करू नये, कारण दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या शरीराला आजारपणात आवश्यक असलेले संप्रेरक स्वतः पुरेसे तयार करता येत नाही. टोसिलिझुमॅब हे जैविक औषध घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्या औषधामुळे ताप आणि रक्तातील सीआरपी (दाह असताना वाढणारे प्रथिन) दोन्ही दबलेले राहू शकतात, त्यामुळे तपासणीचा आकडा चांगला आला तरी संसर्ग नाहीच असे म्हणता येत नाही.

इन्फ्लुएंझाची दरवर्षीची आणि न्यूमोकोकसची लस यांविषयी आजार नसतानाच बोलून ठेवावे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना सामान्यतः जिवंत विषाणूंच्या लशी टाळतात, आणि नाकात फवारली जाणारी इन्फ्लुएंझाची लस त्यांत मोडते.

खोकल्याने हाड मोडू शकते का?

मोडू शकते. दीर्घकाळ स्टेरॉइड, कमी हालचाल आणि स्वतः दाह यांमुळे हाडे ठिसूळ होतात, आणि सततच्या खोकल्याने बरगडीला चीर जाते, विशेषतः बाजूच्या मधल्या बरगड्यांना. पहिल्या क्ष-किरण चित्रात ती चीर नेहमी दिसतेच असे नाही. मणकाही दबू शकतो.

ज्यांच्या कण्याचे मणके एकमेकांना जुळून एकसंध झाले आहेत, त्यांचा कणा लांब काठीसारखा वागतो आणि किरकोळ धक्क्यानेही आडवा मोडू शकतो. शिंकेनंतर नेहमीपेक्षा निराळी, अचानक उठलेली आणि न थांबणारी वेदना आली, तर अस्थिभंग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असेच धरून चालावे. मदतीला येणाऱ्यांना आपला कणा जुळलेला आहे आणि मान मुळातच वाकलेली आहे हे सांगावे. मान बळेच सरळ करू नये, नेहमीच्या बाकातच तिला आधार द्यावा, अन्यथा मज्जारज्जूला इजा होऊ शकते. ही माहिती खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

छातीला पट्टा बांधावा का, आणि शेक घ्यावा का?

पट्टा आवळून बांधू नये. बरगडीला चीर गेली असली तरीही. त्याने श्वास उथळ होतो. शेक 15 ते 20 मिनिटे घेतल्यास आखडलेले स्नायू सैल होतात. बरगडीच्या पुढच्या टोकाशी गरम, हळवी सूज असेल तर काहींना थंड पट्टी अधिक मानवते. बधिर त्वचेवर शेक घेऊ नये.

बरे वाटत असताना कोणता व्यायाम करावा?

दोन्ही तळवे छातीच्या बाजूंना ठेवून, हात बाहेर ढकलले जातील असा खोल श्वास पाच-सहा वेळा घ्यावा आणि सावकाश सोडावा. कोमट पाण्याने अंघोळ केल्यावर हे सोपे जाते. खांदे मागे नेऊन छाती उघडणे, भिंतीला पाठ आणि टाचा लावून ताठ उभे राहणे, चालणे आणि जमल्यास पोहणे यांनी छातीची लवचीकता टिकते. धूम्रपान सोडणे यापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण ताठरलेल्या छातीला निरोगी फुप्फुसांचीच साथ असते. औषधांनी मूळ दाह आटोक्यात आला की शिंकेची कळही बहुधा कमी होते. ती कमी होत नसेल तर उपचार अपुरे आहेत का, हे संधिवाततज्ज्ञांना विचारण्यात काहीही गैर नाही.

शिंका मुळातच कमी करता येतील का?

ॲलर्जीच्या असतील तर पुष्कळ अंशी करता येतात. धूळ झटकण्याऐवजी ओल्या कापडाने पुसावी, उग्र वासापासून दूर राहावे, आणि उकळून गार केलेल्या पाण्यात तयार केलेल्या मिठाच्या द्रावणाने नाक धुवावे. नाकात फवारायचे स्टेरॉइड नियमित घेतले तरच लागू पडते. ते शिंक आल्यावर घ्यायचे औषध नव्हे.

खोकताना लघवी निसटते. हे सांगावे का?

निःसंकोच सांगावे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याने हे अनेकांना होते आणि व्यायामाने सुधारते. परंतु त्याबरोबर जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायांत अशक्तपणा किंवा लघवी तुंबणे असेल, तर मज्जातंतू दाबले जात असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते.

आणखी कोणत्या लक्षणांसाठी थांबू नये?

छातीवर ओझे ठेवल्यासारखी आणि हात किंवा जबड्याकडे जाणारी वेदना, विश्रांती घेत असतानाही लागणारी धाप, कफातून रक्त, एका पायाला सूज येऊन अचानक लागलेला श्वास, थंडी वाजून येणारा ताप, यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने उपचार घ्यावेत. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, इतर लक्षणे नसली तरी, दाखवावा.

डॉक्टरांच्या भेटीत काय सांगितले तर उपयोग होतो?

“छाती दुखते” एवढे सांगितल्यास हृदयाची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण पुढे सांध्यांचा विषय राहून जातो. एका बोटाने दुखरी जागा दाखवावी, कळ शिंकेत येते की खोल श्वासातही येते, ती किती वेळ टिकते, पहाटे वाढते का, खोकला कोरडा आहे की कफाचा, आणि तो कोणते औषध सुरू केल्यानंतर लागला, हे तारखांसह लिहून न्यावे. छातीचे प्रसरण टेपने मोजून नोंदवण्याची विनंती करावी. त्याला एक मिनिटही लागत नाही, आणि पुढच्या वर्षी तुलना करायला तोच आकडा हाताशी असतो.